कबूजचा नंबर रंगाखाली असतो

प्रश्न असा आहे: "पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या छोट्या गावात बागेच्या कडेला एक लाल कबूज (मालगाडीच्या शेवटी असायचा तो गार्डचा डबा) उभी आहे. पाटीवर 'सुमारे १८९०' असं लिहिलंय. अंगावर इथल्या एका जुन्या लहान रेल्वेचं नाव आणि '१' हा क्रमांक. डबा लोखंडी, रिबिटं मारलेला. बाजूला गोल खिडक्या आहेत, छतावरच्या खोलीचे कोपरेही गोलसर. वारसा समितीत रिकामा वेळ असलेली मी एकटीच, म्हणून हिचा खरा इतिहास शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पुढच्या उन्हाळ्यात समितीला ती नव्यानं रंगवायची आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात पाटी विसरण्यापासून करा. १८९० साली कबूज लाकडी असायच्या. तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंत लोखंडी अंग, गोल खिडक्या आणि कडा घोटून गुळगुळीत केल्यासारखी छतावरची खोली, म्हणजे क्युपोला, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. असं एकच घराणं मला माहीत आहे: पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या जुन्या रेल्वे कंपनीचा एन५सी वर्ग. १९४२ साली अल्टूनाच्या कारखान्यात अशा २०० गाड्या बांधल्या. क्रमांक ४७७८२० ते ४७८०१९. पाटी निदान पन्नास वर्षांनी चुकली आहे.

पण यातून फक्त आडनाव कळलं. दोनशे भावंडांपैकी ही कुठली, हे कळेपर्यंत तिचा स्वतःचा इतिहास सुरूच होत नाही. कुठे धावली, कधी दुरुस्त झाली, कोणी विकली, हे सगळं कागदावर नंबराला टांगलेलं असतं. आणि तुमच्या गाडीवर आज जो नंबर दिसतोय, तो '१', तो नक्कीच तिचा नाही.

माझी ओळख दोन ओळींत. माटुंगा वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं डब्यांच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे इकडे आलो आणि गेली बारा वर्षं एका रेल्वे म्युझियमच्या यार्डात आठवड्याचे दोन दिवस हात काळे करतो. सहा कबूजचा माग काढण्यात माझा हात होता. चार सापडल्या, एक अर्धवट सापडली, एकीनं दाद दिली नाही.

ज्यांनी कबूज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: हा आपल्या मालगाडीच्या शेवटी असणारा गार्डचा डबा, पण जास्त राहता. आत कोळशाची शेगडी, झोपायची फळी, कंडक्टरचं, म्हणजे इथल्या गार्डचं, टेबल. कंडक्टर आणि मागचा ब्रेकमन यात असत. क्युपोलात बसून पुढच्या डब्यांवर नजर ठेवायची आणि कुठे बेअरिंग तापून धूर येतोय का ते बघायचं. १९८०च्या दशकात माणसांची जागा शेवटच्या कपलरवर लावलेल्या लुकलुकत्या पेटीनं घेतली. मग हजारो कबूज भंगारात गेल्या, आणि काही गावोगावच्या बागांत.

एक अडचण आधीच सांगतो. साध्या मालडब्यापेक्षा कबूजचा माग काढणं अवघड जातं. मालडबा परक्या रेल्वेच्या रुळांवर जायचा आणि त्याचं भाडं मोजलं जायचं, म्हणून त्याचा हिशेब दहा ठिकाणी राही. कबूज बहुतेक घरच्याच रुळांवर फिरे. घरच्या माणसाची नोंद कोण ठेवतो?

म्हणून मी शेवटून सुरुवात करतो. गाडी बागेत आली तो दिवस हा सगळ्यात जवळचा दिवस, आणि त्याचे कागद तुमच्याच गावात असणार. नगर परिषदेच्या बैठकांची इतिवृत्तं काढा. १९७०चं आणि १९८०चं दशक आधी. 'कबूज' शब्द शोधू नका, 'बाग', 'क्रेन', 'देणगी', 'रूळ' असलं काहीतरी शोधा. कारकुनानं 'रेल्वेचा डबा' एवढंच लिहिलेलं असायची शक्यता जास्त. विक्रीचा कागद मिळाला तर त्यावर नंबर असेल. स्थानिक वर्तमानपत्रात क्रेननं डबा उचलतानाचा फोटो हमखास छापून आलेला असतो, कारण लहान गावात क्रेन येणं हीच बातमी. तो फोटो मूळ प्रतीत पाहा. लाल रंग चढायच्या आधीचा तो शेवटचा फोटो असू शकतो.

आणि म्हाताऱ्यांशी बोला. 'इतिहास सांगा' म्हणालात तर लोक गप्प होतात. 'ती आणली तेव्हा कुठल्या रंगाची होती?' असं विचारा. निळी होती म्हणाले तर कॉनरेलकडून आली. हिरवी म्हणाले तर पेन सेंट्रलची.

हे रंग का महत्त्वाचे, ते सांगतो. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल १ फेब्रुवारी १९६८ला एकत्र येऊन पेन सेंट्रल झाली. जून १९७०मध्ये तिचं दिवाळं वाजलं. १ एप्रिल १९७६ला तिच्यासह आणखी काही बुडालेल्या रेल्वे मिळून कॉनरेल झाली. पेन्सिल्व्हेनियाचा रंग गेरूसारखा तपकिरी लाल, कारण त्यातलं रंगद्रव्य खरंच लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे आपला गेरूच. पेन सेंट्रलचा हिरवा, कॉनरेलचा निळा. तेव्हा तुमच्या कबूजच्या अंगावर, वरून खाली, समितीचा लाल, मग कदाचित निळा, कदाचित हिरवा आणि तळाशी गेरू असं एकावर एक बसलेलं असणार. मातीच्या थरांसारखं.

रंगाकडे परत येतो. त्याआधी गाडीखाली वाका.

आपण ज्याला बोगी म्हणतो त्याला इकडे ट्रक म्हणतात. दोन्ही ट्रकच्या दोन्ही बाजूंना ओतीव पोलादाची जाड चौकट असते. तारेच्या ब्रशनं तिच्यावरचा गंज आणि ग्रीस काढा आणि खडू आडवा धरून वरून हलकेच फिरवा. ओतकामातली उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर येतात: फाउंड्रीची खूण, नमुन्याचा नंबर, बहुतेक वेळा महिना आणि साल. चारही चौकटी अशाच वाचा. चारही १९४२च्या आसपासच्या निघाल्या तर घराणं पक्कं झालं म्हणा. तीन जुळल्या आणि एक १९५१ची निघाली तर ती कधीतरी बदलली, एवढंच.

इथे मी स्वतः आपटलो होतो. आमच्या यार्डातल्या एका लाकडी कबूजच्या चाकावर मला १९२९ साल दिसलं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी 'बांधणी १९२९' असं ठणकावून सांगितलं. एक निवृत्त अमेरिकन ब्रेकमन खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "हे चाकाचं वय झालं. गाडीचं कुठाय?" ज्या माणसानं माटुंग्याला आयुष्यभर चाकं काढली आणि घातली, त्यानं चाकावरून डब्याचं वय सांगावं! ती कबूज नंतर १९१०च्या दशकातली निघाली. भागावरची तारीख फक्त त्या भागाची असते. चाकं झिजतात, बदलतात. ट्रकसुद्धा एका गाडीखालचा दुसरीखाली जातो. अनेक भाग एकच साल सांगू लागले तरच त्याला वजन.

खालीच हवेच्या ब्रेकची टाकी दिसेल. तिच्यावर पांढऱ्या रंगात ब्रेक साफ केल्याची, तपासल्याची तारीख आणि कारखान्याची आद्याक्षरं असत. आपल्या डब्यांच्या टोकाला पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीनं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची, तारीख आणि वर्कशॉपची खूण असते, त्यातलाच प्रकार. बागेचे रंगारी सहसा गाडीखाली जात नाहीत, त्यामुळे ही अक्षरं कधी कधी जशीच्या तशी टिकतात. शेवटची तारीख १९७९ असेल तर गाडी त्या साली नक्की चालू होती, आणि कारखान्याच्या खुणेवरून ती कुठल्या भागात फिरत होती याचा अंदाज येतो. एका टाकीवरच्या ओळीनं आमचे दोन महिने वाचवले आहेत.

आता शिडी लावून छत बघा. (एकट्यानं नको, खाली कोणीतरी उभं पाहिजे.) १९४०च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया रेलरोडनं इंजिन आणि कबूज यांच्यात बोलण्यासाठी ट्रेनफोन बसवायला सुरुवात केली. आजच्या रेडिओसारखा हवेतून जाणारा नव्हे. रूळ आणि रुळांकडेच्या तारा यांच्यातून प्रवर्तनानं संदेश जायचा. त्यासाठी छतावर लांब दांडीसारखा अँटेना खांबांवर उभा असे. पुढे १९६०च्या दशकात ते काढून टाकले, पण खांबांची बुडं, बुजवलेली भोकं, वेल्डिंगचे ठिपके राहतात. ते सापडले तर घराण्याला आणखी एक साक्षीदार मिळाला. शिवाय जुन्या फोटोशी ताडून पाहायला एक ठळक खूणही.

आता रंग. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मला सगळ्यात जास्त मजा येते.

पहिली गोष्ट तब्येतीची. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८मध्ये बंदी आली, आणि रेल्वेचे त्याआधीचे रंग शिशानं भरलेले असायचे. तेव्हा कोरडं घासणं नाही, ग्राइंडर नाही, मुलांना जवळ उभं करणं नाही. चांगला मास्क, हातमोजे, खाली प्लास्टिक, आणि सगळं काम पाण्यानं ओलं ठेवून. आत शेगडीच्या मागच्या पत्र्याखाली अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते जाणकाराला दाखवल्याशिवाय उचकटू नका.

मग एक आडोशाची जागा निवडा. छताच्या कडेखाली किंवा हाताच्या दांड्यामागे, जिथे ऊन-पाऊस कमी लागतो आणि आधीच्या रंगाऱ्यांनी नीट खरवडलेलं नसतं. ओला पॉलिश पेपर बोटाच्या टोकाला गुंडाळून एकाच ठिकाणी गोल गोल फिरवा. मधोमध पत्र्यापर्यंत जायचं आणि कडेला उतार ठेवायचा. दहा रुपयांच्या नाण्याएवढा खळगा झाला की शेवटचा हात बारीक पेपरचा. आता भिंग लावा. झाडाच्या बुंध्यावरच्या वलयांसारखी कडी दिसतात. आमच्या एका गाडीवर बाहेरून आत असे थर निघाले: चकचकीत लाल, फिका लाल, राखाडी प्रायमर, निळा, मग काजळीची काळी रेघ, मग गेरू, मग पुन्हा गेरू. त्या काळ्या रेघेवरून कळलं की निळा लागायच्या आधी ती बराच काळ न रंगवता धावत होती. हिरवा थर नव्हताच. म्हणजे पेन सेंट्रलच्या आठ वर्षांत तिला कोणी ब्रश लावला नव्हता. दिवाळखोर मालकाकडून अपेक्षा ती काय!

एक सावधगिरी. थर सापडला तर तो काळ नक्की, पण थर नाही म्हणून तो मालकच नव्हता असं म्हणू नका. बऱ्याच गाड्यांना नुसता नवा नंबर फासला जायचा, अंग जुन्याच रंगाचं राहायचं.

नंबर मात्र घासून शोधू नका, आधी बघून शोधा. रात्री जा, मोठी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू सरकवा. जुन्या अक्षरांच्या रंगाची जाडी वरच्या थरांतूनही कडा दाखवते. सपाट लाल पत्र्यावर एकदम '७'ची आडवी रेघ उभी राहते तेव्हा बरोबरची माणसं गप्प होतात. पत्रा पाण्यानं भिजवूनही बघा, काही ठिकाणी ओल्यात जास्त दिसतं. प्रत्येक कोनातून फोटो काढा. मग जिथे कडा दिसली तिथेच वरचा लाल हळूहळू ओला घासून अक्षरांच्या थरावर थांबायचं. थांबता येणं हेच कसब. एक मिनिट जास्त घासलं की आकडा पाण्यात वाहून गेला.

स्टेन्सिलचे आकडे तुटक असतात, कारण पत्र्याच्या साच्यात मधले तुकडे धरून ठेवायला पूल लागतात. त्यामुळे ३, ६, ८ आणि ० हे अर्धे दिसले तर हमखास घोळ होतो. अर्धवट सापडलेली जी कबूज मी वर म्हटली, तिचं घोडं याच शेवटच्या आकड्यावर अडलंय. दोन्ही बाजू आणि दोन्ही टोकं वाचा. एका बाजूला पुसलेला आकडा दुसऱ्या बाजूला टिकलेला असतो. तुमच्या गाडीवर सहा आकडी ४७७ किंवा ४७८नं सुरू होणारा नंबर निघाला तर तो पेन्सिल्व्हेनियाच्या काळातला. पाच आकडी निघाला तर पेन सेंट्रल किंवा कॉनरेलचा, कारण विलीनीकरणानंतर नव्यानं क्रमांक दिले. एकाच गाडीला आयुष्यात दोन-तीन नंबर मिळतात आणि ते सगळे एका ओळीत लावणं हे अर्धं काम.

इथून पुढे कागद. आणि इथे एका शब्दानं लोकांचे महिने जातात. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड कबूजला कबूज म्हणतच नसे. तिचा अधिकृत शब्द 'केबिन कार'. सूचीत 'कबूज' शोधाल तर हाती फारसं लागणार नाही, 'केबिन कार' शोधाल तर फाइली उघडतील. दुसऱ्या रेल्वेचा माग काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: बर्लिंग्टन रेल्वेत 'वेकार', कॅनडात 'व्हॅन'. कामगारांच्या तोंडी 'क्रमी' किंवा 'हॅक', पण ते कागदावर यायचं नाही.

कागद एका जागी नाहीत. पेन सेंट्रल बुडाल्यावर पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचं दप्तर अनेक संस्थांत वाटलं गेलं. मोठा भाग डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या हॅगली ग्रंथालयात, काही हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात. पण तुम्ही आधी पेन्सिल्व्हेनिया रेलरोड टेक्निकल अँड हिस्टॉरिकल सोसायटीला लिहा. लुइसटाउनच्या जुन्या स्टेशनात त्यांचा संग्रह आहे, आणि एन५सीवर आयुष्य घालवलेली माणसं तिथे भेटतात. त्यांना 'आमच्या कबूजचा इतिहास सांगा' असं लिहू नका. चार चौकटींच्या तारखा, टाकीवरची ओळ, थरांचा फोटो आणि वाचलेले आकडे पाठवा. तयारी करून आलेल्या माणसाला उत्तर लवकर येतं, हे माटुंग्यातही खरं होतं. स्ट्रासबर्गचं रेलरोड म्युझियम ऑफ पेन्सिल्व्हेनियाही तुमच्यापासून फार लांब नसावं. तिथे जुन्या गाड्यांच्या लोखंडी अंगाला हात लावून येणं हाही अभ्यास आहे.

तुमच्या गाडीला लागू नाही, पण इतर वाचकांसाठी: गाडी १९२०च्या आधीची असेल तर सरकारी मूल्यांकनाच्या नोंदी बघा. १९१३च्या कायद्यानं आंतरराज्य वाणिज्य आयोगाला सगळ्या रेल्वेंच्या मालमत्तेची मोजदाद करायला लावलं. ते कागद मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, अभिलेख गट १३४मध्ये आहेत. ढीग प्रचंड आहे, सुट्टी घेऊन जा.

नंबराचा अंदाज आला की फोटो. १९६०पासून १९८०च्या दशकापर्यंत रुळांकडेला उभं राहून स्लाइड काढणारे हौशी शेकड्यांनी होते, आणि त्यांची टिपणं आपल्या कचेऱ्यांपेक्षा चोख: नंबर, गाव, तारीख. असा फोटो सापडला की नंबर जुळतोय म्हणून आनंदून जाऊ नका, अंग जुळवा. कुठली गोल खिडकी पत्रा ठोकून बंद केलीये, कुठे चौकोनी ठिगळ वेल्ड केलंय, पायरी कुठे वाकलीये. दोनशे गाड्या एकाच नकाशावर बांधल्या, पण त्यांची ठिगळं सारखी नसतात. आम्ही एका गाडीची खात्री दारापाशी मारलेल्या तीन जादा रिबिटांवरून केली. नंबर रंगाऱ्याच्या हातचा असतो, तो चुकतो. ठिगळ चुकत नाही.

आता समितीचा प्रश्न. 'क्रमांक १' आणि त्या लहान रेल्वेचं नाव कोणीतरी प्रेमानंच रंगवलं असेल. चुकीचं आहे, पण तेही आता गाडीच्या आयुष्यात जमा आहे. पुसण्याआधी मोजमापं घ्या, फोटो काढा, कोणी आणि कोणत्या साली रंगवलं ते लिहून ठेवा. नवा रंग गेरूचा द्यावा असं माझं मत. गावाला लाल आवडतो हे मला माहीत आहे, गेरू पाहिला की तेही बदलतं. पण नंबर पक्का होईपर्यंत अंगावर कुठलाच नंबर लिहू नका. कोरा पत्रा चालेल.

शेवटी आत जा. कंडक्टरच्या टेबलाजवळच्या कपाटाची दारं उघडा आणि त्यांची आतली बाजू टॉर्चनं बघा. फळीच्या खालची बाजू, क्युपोलातल्या बाकाची पाठ, शेगडीकडचा कोपरा. माणसं तिथे रात्री काढत. पेन्सिलीनं वेळा, डब्यांचे आकडे, कधी नाव आणि गाव लिहिलेलं असतं. आमच्या एका कपाटात फक्त उभ्या रेघा होत्या, पाच-पाचाच्या जुड्या, एकूण त्रेसष्ट. कशाच्या, ते कोणाला कळलं नाही. आम्ही त्यावर काच बसवली.

चार चौकटींचे आणि टाकीचे फोटो मला पाठवा, खडू लावलेले. तोवर समितीला रंगाचा डबा उघडू देऊ नका.